हाली की कलदार?

नारायणगुड्यातली इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन हैदराबादकरांना आय.पी.एम. या नावाने ठाऊक आहे. कुत्रे चावले की सुई घ्यायला जायचे ते ठिकाण, एवढीच बहुतेकांची तिच्याशी ओळख. पण पाण्याचे आणि अन्नाचे नमुने तपासणारी सरकारी प्रयोगशाळाही तीच. अशा प्रयोगशाळांत पाणी तपासण्याची एक जुनी रीत आहे. पाच नळ्या घ्यायच्या, प्रत्येकीत पोषक द्रावण आणि दहा मिलिलिटर पाणी घालायचे आणि त्या उबेत ठेवायच्या. एक-दोन दिवसांनी किती नळ्यांत वायू धरला ते मोजायचे आणि तक्ता उघडायचा. एका नळीत धरला तर 100 मिलिलिटरमागे 2.2 जंतू, दोनांत 5.1, तिनांत 9.2, चारांत 16. या आकड्याला मोस्ट प्रोबेबल नंबर म्हणतात, म्हणजे सर्वाधिक संभाव्य संख्या. मॅक्रेडी या शास्त्रज्ञाने 1915 साली हे गणित मांडले आणि त्याच्या बुडाशी पॉयसनचे संभाव्यता वितरण आहे.

तक्त्याची दोन टोके मात्र वेगळी आहेत. एकाही नळीत वायू नसेल तर तिथे '2.2 पेक्षा कमी' असे लिहिलेले असते आणि पाचही नळ्यांत असेल तर '16 पेक्षा जास्त'. पाचही नळ्या भरल्या तर सूत्राचे उत्तर अनंत येते. म्हणून तक्ता करणाऱ्यांनी तिथे आकडा लिहायचे टाळले आणि शब्द लिहिले. वाचणारा माणूस असतो आणि त्याला ते कळते, हे त्यांनी गृहीत धरले होते.

आता हेच काम संगणकाला देऊन पाहू. आठवडाभरात सात बाटल्या आल्या. तीन स्वच्छ निघाल्या, दोघींच्या एकेका नळीत वायू धरला, एकीच्या दोन नळ्यांत आणि एकीच्या पाचही नळ्यांत. सरासरी काढायची आहे. अशा आकड्यांची सरासरी काढूच नये, असे जाणकार म्हणतील आणि ते बरोबरच आहे. पण महिन्याच्या अहवालात सरासरीचा रकाना असतो आणि तो भरला जातो. 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा जास्त' हे शब्द पाहून संगणक त्यांना आकडा मानत नाही. तिथे तो रिकामी जागा ठेवतो, रिकाम्या जागा वगळतो आणि उरलेल्या तिघांची सरासरी 3.2 देतो. दुसऱ्याने सूत्रच प्रोग्राममध्ये घातले असेल तर स्वच्छ बाटल्यांना शून्य आणि घाणेरडीला अनंत मिळेल. अनंताने आलेख बिघडतो म्हणून तो 'मर्यादित आकडेच ठेवा' अशी चाळणी लावेल आणि त्याचे उत्तर येईल 1.6. तिसरा टोकाच्या जागी 2.2 आणि 16 टाकेल, त्याचे 4.6. चौथा काहीच न करता सरासरी काढेल आणि त्याच्या पडद्यावर अनंत उमटेल.

बाटल्या त्याच आणि उत्तरे चार. त्यातल्या दोन उत्तरांतून सगळ्यात घाण बाटली गुपचूप नाहीशी झाली आहे! भारतीय मानक आय.एस. 10500 नुसार पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळताच कामा नये. जी बाटली पाहून आरोग्य अधिकाऱ्याने धावत सुटायचे, नेमकी तीच हिशेबातून गळते. आय.पी.एम.मध्ये असे घडते असे आम्ही म्हणत नाही आणि तसे म्हणायला आमच्यापाशी काही आधारही नाही. आमचा रोख त्या फंक्शनांवर आहे, जी संभाव्यतेचे उत्तर कोणत्या रूपात हाती देतील याचा नेम नाही आणि ज्यांच्या भरवशावर आज या शहरातल्या कित्येक संगणकांवर काम चालते.

'आर' ही संख्याशास्त्राची भाषा घ्या. तिचे मूळ 1976 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या 'एस' या भाषेत आहे. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 'आर' घडवली आणि 29 फेब्रुवारी 2000 रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. वितरणांच्या फंक्शनांना नावे देण्याची तिची पद्धत सुबक आहे. आधी डी, पी, क्यू किंवा आर हे अक्षर आणि पुढे वितरणाचे आखूड नाव. डी म्हणजे घनता, पी म्हणजे साठलेली संभाव्यता, क्यू म्हणजे त्याच्या उलट, आर म्हणजे यादृच्छिक आकडे. चार भावंडे एकाच आडनावाची, तेव्हा वळणही एकच असेल, असे कोणालाही वाटेल. ते तसे नाही. प्रसामान्य वितरणाच्या 'डीनॉर्म'ला आकड्यांचा चौकोनी तक्ता दिला तर उत्तरही तसेच चौकोनी येते. रकान्यांना नावे असतील तर तीही शाबूत राहतात. 'आरनॉर्म' मात्र काहीही द्या, सरळ रांगच हातात ठेवते. त्याला 'तीन आणि चार' अशी जोडी दिली तर ना तीन आकडे येतात, ना चार, ना सात. येतात दोन! कारण जोडीत दोन गोष्टी होत्या आणि नियम तोच आहे. मदतीच्या पानावर तो छापलेलाही आहे. यात चूक कोणाचीच नाही आणि आमची भीती नेमकी तिथेच आहे.

बहुपदी वितरणाकडे वळू. तीन उमेदवार आहेत, शंभर मतदारांना विचारायचे आहे आणि अशी पाहणी तीनदा करायची आहे. 'आर'च्या 'आरमल्टिनॉम'मध्ये प्रत्येक पाहणी उभ्या रकान्यात येते, पायथनच्या 'नमपाय'मध्ये आडव्या ओळीत. उमेदवार तीन आणि पाहण्या पाच असत्या तर आकार जुळला नसता आणि कुठेतरी प्रोग्राम अडला असता. इथे दोन्हीकडे तीन आडवे आणि तीन उभे. काहीच अडत नाही. पहिल्या उमेदवाराच्या तीन पाहण्या आहेत असे समजून तुम्ही पहिल्या पाहणीतले तीन उमेदवार वाचता आणि अहवाल छापून मोकळे होता. बरे, 'आर'मध्येच राहून बहुचल प्रसामान्य वितरण वापरले तर 'मास' या जोडसंचातले 'एमव्हीआरनॉर्म' नमुने आडव्या ओळींत देते. म्हणजे एकाच भाषेत बहुपदी उभे आणि प्रसामान्य आडवे. या 'एमव्हीआरनॉर्म'ची आणखी एक खोड आहे. दहा नमुने मागा, दहा ओळींचा तक्ता येतो. एकच मागा, तर तक्ता मोडून नुसती रांग येते. दहावर तपासलेला प्रोग्राम एकावर फसतो.

एक हा आकडा 'आर'मध्ये असाच कपाळकरंटा आहे. घरांच्या क्रमांकांच्या यादीतून एक घर निवडायचे असेल तर 'सँपल' हे फंक्शन वापरतात. यादीत वीस घरे असली तर विसांतले एक निवडले जाते. पण एखाद्या गल्लीत 412 क्रमांकाचे एकच घर उरले असेल, तर 'सँपल' 1 ते 412 मधला कुठलाही आकडा काढून देते. त्या क्रमांकाचे घर गल्लीत असेलच असे नाही. पाहणीचा माणूस उन्हात ते शोधत फिरेल आणि शेवटी कागदावर 'घर बंद' असे लिहील.

या शहरात जी जुनी मराठी घरे आहेत, त्यांतल्या वडीलधाऱ्यांना रकमेचा आकडा ऐकल्यावर एक प्रश्न विचारायची सवय होती: हाली की कलदार? निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा ढोबळ हिशेब. सोलापूरचा व्यापारी गुलबर्ग्याच्या आडत्याशी सौदा करताना नुसते 'शंभर रुपये' म्हणून थांबत नसे. दस्तऐवजात, देण्याघेण्यात, हुंड्याच्या बोलणीतसुद्धा नाण्याचे नाव यायचे. 1959 मध्ये हाली पुरता बाद झाला आणि तो प्रश्नही विझला.

तो पुन्हा विचारायची वेळ आली आहे. नारायणगुडा चौरस्त्यावर आर.टी.सी.ची बस सरासरी पाच मिनिटांनी येते असे धरा. (धरायला काय जाते!) ताटकळण्याची वेळ घातांकी वितरणाने मांडायची आहे. 'आर'मध्ये पाच लिहिले तर तो दर समजला जातो, मिनिटाला पाच बसगाड्या, म्हणून सरासरी प्रतीक्षा निघते बारा सेकंद. 'नमपाय'मध्ये तोच पाच म्हणजे सरासरी पाच मिनिटे. पायथनच्याच 'सायपाय'मध्ये तोच पहिल्या जागी लिहिला तर वितरण पाच मिनिटे पुढे सरकते. तिथे कोणालाही पाच मिनिटांच्या आत बस मिळत नाही आणि सरासरी सहा मिनिटे होते. एक्सेलचे तर एकाच घरात दोन कायदे आहेत: घातांकी वितरणाला ते दर मागते आणि गॅमाला दराच्या उलटे माप, वास्तविक घातांकी हे गॅमाचेच साधे रूप असताना. प्रसामान्य वितरणात दुसऱ्या जागी 4 लिहा. 'सायपाय'च्या साध्या फंक्शनात विचलन 4 होते. त्याच 'सायपाय'च्या बहुचल फंक्शनात 4 ही प्रचरणाची किंमत धरली जाते, म्हणून विचलन 2. 'जॅग्ज' या प्रोग्राममध्ये 4 म्हणजे अचूकता, प्रचरणाच्या उलट, म्हणून विचलन अर्धे. यातल्या एकाही ठिकाणी लाल अक्षर उमटत नाही.

चुकीचे काही मागितले तरी यांचा आवाज निघेलच असे नाही. विचलन उणे असू शकत नाही हे शाळकरी पोरही सांगेल. उणे विचलन दिल्यावर 'आर' निदान 'आकडा नाही' असे म्हणून इशारा देते. 'सायपाय'चे घनता काढणारे फंक्शन 'आकडा नाही' इतकेच परत करते आणि मूग गिळून बसते. त्याच वितरणाकडे त्याच मापाने यादृच्छिक आकडे मागितले तर मात्र ते जागीच थांबून चूक दाखवते. भूमितीय वितरणात पहिले यश कितव्या प्रयत्नात आले हे मोजायचे की त्याआधी किती वेळा हरलो हे, यावर 'आर' आणि 'सायपाय' यांचे जमत नाही. एक शून्यापासून मोजतो, दुसरा एकापासून. दहात एक यशाची शक्यता असेल तर 'एक' या उत्तराची संभाव्यता एकीकडे 0.09 आणि दुसरीकडे 0.1. फरक इतका बारीक की संशयही येऊ नये.

हे संगणकवाल्यांचे घरगुती भांडण आहे, असे कोणी म्हणेल. पण कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या एका नामवंत गटाला 2006 साली प्रथिनांच्या रचनेवरचे पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. घरगुती प्रोग्राममध्ये दोन रकाने उलटसुलट झाले होते, त्यामुळे रेणूची रचना आरशातल्यासारखी उलटी दिसली आणि ती वर्षानुवर्षे खरी मानली गेली. अमेरिकेतल्याच ड्यूक विद्यापीठात कर्करोगाच्या पेशींना कोणते औषध लागू पडेल हे जनुकांवरून सांगणारे संशोधन गाजले. ह्यूस्टनच्या एम.डी. अँडरसन केंद्रातल्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी ते आकडे उकरून काढले तेव्हा दिसले की जनुकांच्या नावांची यादी एका ओळीने सरकली आहे. प्रत्येक जनुकाला शेजारच्याचे नाव लागले होते. त्या प्रकरणात पुढे याहून गंभीर गोष्टी निघाल्या हे खरे; पण सरकलेली ओळ 2009 साली त्यांनी सविस्तर छापून दाखवेपर्यंत रुग्णांवरच्या चाचण्या सुरू झालेल्या होत्या. त्या 2010 मध्ये बंद पडल्या.

यावर ठरलेले उत्तर असते: सगळे मदतीच्या पानावर लिहिले आहे, वाचत नाही त्याचा दोष. ते आम्हाला अर्धेच पटते. दर वेळी दरवाजाची कडी वेगळ्या बाजूला असेल आणि दारावर बारीक अक्षरांत तशी सूचना असेल, तर अंधारात डोके आपटणाऱ्याला तुम्ही सूचना वाचायला सांगणार का? दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. जगभर लाखो जुने प्रोग्राम आजच्या वागणुकीवर उभे आहेत. फंक्शनाचे रूप बदलले तर ते मोडतील. खरे आहे. पण रूप बदलता येते याचेही दाखले आहेत. 'सँपल'ची आकडे निवडण्याची जुनी रीत मोठ्या याद्यांसाठी किंचित पक्षपाती आहे हे दिसल्यावर 2019 मध्ये 'आर'च्या 3.6.0 आवृत्तीत ती बदलली गेली आणि जुनी हवी असेल त्याच्यासाठी वाट ठेवली गेली. 2020 च्या 4.0.0 आवृत्तीत तर मजकुराच्या रकान्यांचे आपोआप गटांत रूपांतर करायची जुनी सवय मोडली. ही भाषा बहुतांशी स्वयंसेवकांच्या कष्टांवर चालते, त्यांना दटावण्याचा आम्हाला हक्क नाही. विनवण्याचा आहे.

आणि आपल्याकडे हे मापाचे भांडण नवे नाही. बुध या सातारा जिल्ह्यातल्या गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे पुढे जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. 1940 च्या दशकात त्यांनी पिकाच्या अंदाजासाठी शेतातला किती तुकडा कापायचा यावर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी जाहीर वाद घातला. सुखात्म्यांचे म्हणणे असे की तुकडा लहान असला की कडेवरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते. शेत तेच, पीक तेच, कापणीच्या तुकड्याचा आकार बदलला की देशाच्या धान्याचा आकडा बदलतो. दोन दिग्गज त्यावर जगापुढे छापील शब्दांत भांडले, कारण आकडा ज्या रूपात येतो ते रूप त्यांना आकड्याइतकेच महत्त्वाचे वाटे.

नारायणगुडा ते चिक्कडपल्ली या टापूत सकाळी फिरलात तर पाठीवर बॅगा घेतलेल्या मुलामुलींची रांग संपत नाही. महिलांचे रेड्डी कॉलेज इथे आहे. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावाने 1940 मध्ये सुरू झालेली केशव मेमोरियल संस्था इथेच आहे आणि तिचे अभियांत्रिकी महाविद्यालयही. कोरटकर मराठी माणूस, विवेकवर्धिनी या शिक्षणसंस्थेच्या उभारणीतही त्यांचा हात. न्यायासनावर बसलेल्या त्या गृहस्थाने साक्षीदाराचे नाव-गाव न विचारता साक्ष नोंदवली नसती. इथल्या पदवीच्या वर्गांत गणित, संख्याशास्त्र आणि संगणक हे त्रिकूट लोकप्रिय आहे आणि कॉलेज सुटल्यावर अमीरपेटचे क्लास आहेतच. तिथे शिकवले काय जाते? फंक्शनचे नाव, कंसात काय घालायचे, आणि 'आउटपुट आलं का?' आले की रेकॉर्डमध्ये उतरवायचे, सही घ्यायची, पुढचे प्रॅक्टिकल. आउटपुट आले म्हणजे उत्तर आले, ही खूणगाठ इथे पहिल्या वर्षी बसते आणि नोकरीत निवृत्तीपर्यंत सुटत नाही. आता तर कोडही हाताने लिहावा लागत नाही. मदतनीस यंत्र तो लिहून देते. ते सगळ्या भाषा वाचून शिकलेले असते, म्हणून 'आर'ची सवय पायथनमध्ये सहज मिसळून देऊ शकते. ते अस्खलित बोलते. हाली आणि कलदार एकाच थैलीत घालणाऱ्याला पूर्वी निदान नाणी हाताला वेगळी लागत.

आमची मागणी लांबलचक नाही. उस्मानिया विद्यापीठाच्या आणि इतर विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तराच्या आकाराला गुण द्यावेत. वितरणाचे कोणतेही फंक्शन वापरले की विद्यार्थ्याने चार ओळी लिहाव्यात: मी दिलेले माप दर आहे की सरासरी, नमुने उभे आहेत की आडवे, एकच नमुना मागितला तर काय येते, आणि चुकीचे माप दिले तर काय होते. शेवटच्या दोन ओळी मदतीच्या पानावरून उतरवून चालणार नाहीत, चालवूनच पाहाव्या लागतील. बहुपदी नमुन्याच्या ओळींची आणि रकान्यांची बेरीज करून पाहायला अर्धा मिनिट लागतो. जिकडे बेरीज दर वेळी शंभर भरते, तिकडे पाहणी आहे. सरकारी खात्यांनी प्रोग्राम बनवून घेताना करारातच लिहावे की 'पेक्षा जास्त' आणि 'पेक्षा कमी' या नोंदी वेगळ्या रकान्यात राहतील आणि किती नोंदी वगळल्या ते सरासरीशेजारी छापले जाईल. सातपैकी तीनच बाटल्यांची सरासरी काढली आहे, एवढे जरी कागदावर दिसले तरी कोणीतरी विचारेल, उरलेल्या चार कुठे गेल्या?

येत्या प्रॅक्टिकल परीक्षेसाठी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना आम्ही एक प्रश्न सुचवतो. व्हायवाला बसलेल्या मुलीपुढे पाच नळ्या ठेवा, पाचही वायूने भरलेल्या. तिने लिहिलेला प्रोग्राम पडद्यावर असू द्या. तो चालवण्याआधी तिला विचारा, उत्तराच्या जागी आता काय उमटेल?